लेंटुलसच्या पत्राबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी येशू ख्रिस्तावर एक लेख आला होता. त्यात लेंटुलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने रोमच्या सिनेटला लिहिलेले पत्र ‘डोळ्यांनी पाहणाऱ्याचा पुरावा’ म्हणून छापले होते. पिकलेल्या हेझलनटच्या रंगाचे केस, मधोमध भांग, दुभंगलेली दाढी, कधीही न हसणारा चेहरा. पुढच्या रविवारी त्यावर दोन वाचकांची पत्रे आली. येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही, सारी कथा कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात रचली, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने, जो स्वतः श्रद्धावान आहे, लिहिले की ही पुराव्याची भाषाच चुकीची आहे, श्रद्धेला पुरावा लागत नाही. मी ख्रिस्ती आहे आणि ३१ वर्षे एका पुराभिलेखागारात जुनी कागदपत्रे दुरुस्त करण्याचे काम करून निवृत्त झाले आहे. मला या तिन्ही मतांबद्दल बोलायचे आहे, पण आधी त्या पत्राबद्दल, कारण त्या पत्राशी माझा जुना संबंध आहे.

ते पत्र बनावट आहे. मध्ययुगात कोणीतरी ते लॅटिनमध्ये रचले. लेंटुलस नावाचा कोणी अधिकारी त्या काळी यहूदीया या रोमन प्रांतात नेमला गेल्याची नोंद कुठेही नाही. लोरेन्झो व्हाला या विद्वानाने १५ व्या शतकातच ते खोटे असल्याचे म्हटले होते. हा तोच व्हाला, ज्याने १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट असल्याचे त्यातल्या लॅटिन शब्दांवरून सिद्ध केले, आणि ते दानपत्र पोपच्या सत्तेचा आधार म्हणून शतकानुशतके दाखवले जात होते. म्हणजे ही गोष्ट कळून पाचशेहून अधिक वर्षे झाली आहेत.

आणि तरीही २२ वर्षांपूर्वी मी स्वतः ते पत्र संडे स्कूलमधल्या मुलांना वाचून दाखवले. एका छापील पत्रकात ते मिळाले होते. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढले, चौकट करून वर्गाच्या भिंतीवर लावले. ‘बघा, येशूला पाहिलेल्या माणसाचे हे शब्द,’ असे मी म्हणाले. एक मुलगा होता, पंधरा वर्षांचा, सतत प्रश्न विचारणारा. तीन वर्षांनी तो कॉलेजातून सुटीला आला आणि मला भेटला. हातात ग्रंथालयाचे पुस्तक होते. ‘बाई, ते पत्र बनावट आहे,’ एवढेच म्हणाला. मी म्हटले, असेल, माझ्याकडून चूक झाली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘मग कबर रिकामी होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

येशूची कबर रिकामी सापडली, तो मरणातून उठला, हा आमच्या विश्वासाचा गाभा आहे. मुलाच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य आजही मला टोचते.

मला स्वतःची लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्याच वर्षी कामावर माझ्या टेबलावर एक जमिनीचा दस्त आला होता. कागद खरोखर जुना, कसरीने जागोजागी पोखरलेला. पण भिंगाखाली धरल्यावर दिसले की छिद्रांच्या कडांवर शाई पसरली आहे, दोन ठिकाणी तर छिद्रातून मागच्या बाजूला ओघळली आहे. कसर आधी लागली होती आणि लिहिणारा नंतर आला होता. मी तसा अहवाल दिला आणि घरी जाताना मला समाधान वाटले. त्याच हातांनी मी लेंटुलसचे पत्र भिंतीवर लावले होते. कामावर जी तपासणी मी एखाद्या शेताच्या बांधासाठी करत होते, ती मी देवाच्या पुत्राबद्दल बोलताना केली नाही. भक्तीच्या गोष्टीत भिंग काढणे मला अनादर वाटत होते. आज वाटते की न काढणे हाच अनादर होता.

आता ज्या वाचकाने येशू झालाच नाही असे लिहिले, त्यांना.

प्लिनी हा आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया-पोंटस प्रांताचा रोमन सुभेदार. त्याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारले की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, असे तो कळवतो. खरे काय ते कळावे म्हणून दोन दासींचा छळ करून त्यांच्याकडून माहिती काढल्याचेही तो सहज लिहून जातो. त्या दोघींना ख्रिस्ती मंडळीत सेविका म्हणत. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. कॉन्स्टंटाइन गादीवर आला ३०६ मध्ये, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. टॅसिटस हा रोमन इतिहासकार त्याच सुमारास लिहितो की ६४ साली रोमला आग लागली तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला. या लोकांना ज्याच्यावरून नाव पडले, त्या ‘ख्रिस्तुस’ला सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीत यहूदीयाचा रोमन अधिकारी पंतय पिलात याने मृत्युदंड दिला होता, असेही तो सांगतो. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल उघड तिरस्कार होता. त्यांची बाजू घेण्यासाठी तो काही लिहिणार नाही.

योसेफस या यहुदी इतिहासकाराचा दाखला देताना मात्र मी जपून बोलते. इ. स. ९३ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात येशूचा उल्लेख दोनदा येतो. अठराव्या पुस्तकातल्या परिच्छेदात ‘तो ख्रिस्त होता’ असे सरळ विधान आहे, आणि जो माणूस शेवटपर्यंत यहुदी राहिला तो असे लिहील हे पटत नाही. बहुतेक अभ्यासक मानतात की मूळ मजकुरात नंतरच्या कोणा ख्रिस्ती लेखनिकाने भर घातली. माझ्या कामात हे मी अनेकदा पाहिले आहे. कोणीतरी समासात टीप लिहितो, पुढचा नकल करणारा ती मजकुरात ओढून घेतो, आणि शंभर वर्षांनी ती मूळ लेखकाची होऊन बसते. पण विसाव्या पुस्तकातला उल्लेख साधा आहे, जाता जाता आलेला आहे. ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ याकोब याला इ. स. ६२ मध्ये दगडमार करून मारले, एवढेच. येथे भक्तीचा लवलेश नाही, आणि म्हणूनच मला याचे मोल जास्त वाटते.

हस्तलिखितांकडे तर माझी ओढच आहे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा, एक तुकडा आहे. सुमारे नऊ सेंटीमीटर उंच, सहा रुंद, म्हणजे माझ्या तळहाताहून लहान. १९२० मध्ये तो इजिप्तमध्ये विकत घेतला गेला आणि पंधरा वर्षे इतर तुकड्यांत पडून राहिला. १९३५ मध्ये तो वाचून प्रसिद्ध झाला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) अठराव्या अध्यायातल्या काही ओळी त्यावर आहेत, पिलातापुढच्या चौकशीच्या. पुढच्या बाजूची वाक्ये जिथे तुटतात त्याच्या थोडे पुढून मागच्या बाजूची सुरू होतात. यावरून कळते की ही गुंडाळी नव्हती, पाने उलटायचे पुस्तक होते. मधला किती मजकूर हरवला ते मोजून एका पानावर सुमारे अठरा ओळी होत्या हेही काढता येते. त्या हिशोबाचा मला फार आनंद होतो. अक्षराच्या वळणावरून त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध असा पूर्वी सांगत. आता काही अभ्यासक म्हणतात की नुसत्या वळणावरून इतके नेमके सांगू नये, तो दुसऱ्या शतकाच्या शेवटचाही असू शकेल. मला हे म्हणणे बरोबर वाटते. हस्ताक्षरावरून वर्षे सांगताना मी नेहमी पन्नास वर्षे इकडे, पन्नास तिकडे ठेवत असे. पण नंतरची तारीख धरली तरी कॉन्स्टंटाइनच्या आधी शंभर वर्षे होतातच.

तरीही प्रतींच्या संख्येवरून सत्य ठरत नाही, हे माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सांगावेसे वाटते. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागाच्या, ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे आणि हा आकडा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यातल्या बहुसंख्य प्रती मध्ययुगातल्या आहेत. शिवाय खोट्या दस्ताच्या हजार नकला केल्या तर तो खरा होत नाही. इतक्या प्रतींमुळे एवढेच साधते की त्या एकमेकींशी ताडून मूळ शब्द काय होते याच्या बऱ्याच जवळ जाता येते. ते शब्द खरे की नाहीत हा प्रश्न पुढचा.

आणि ताडून पाहिले की काही प्रिय गोष्टी सोडाव्या लागतात. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत, व्हॅटिकनस आणि सिनाइटिकसमध्ये, नाहीत. तिथे पुस्तक संपते ते कबरीपासून थरथरत पळालेल्या, भीतीने कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांवर. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, ज्यात येशू वाकून जमिनीवर बोटाने लिहितो, ती योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. मला ती गोष्ट फार आवडते. ती खरी घडली असेल असेही मला वाटते. पण ती योहानाने तिथे लिहिली असे मी आता वर्गात म्हणत नाही.

लूकच्या जनगणनेचेही तसेच. क्विरीनिय हा रोमन अधिकारी सूरियाचा (सिरियाचा) सुभेदार असताना झालेल्या नावनिशीच्या वेळी येशू जन्मला, असे लूक सांगतो. योसेफसच्या हिशोबाने ती नावनिशी इ. स. ६ मधली. मत्तयाच्या मते जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला, आणि हेरोद सर्वसाधारण मतानुसार इ. स. पू. ४ मध्ये वारला. मध्ये नऊ-दहा वर्षांचे अंतर पडते. ते बुजवण्याचे अनेक प्रयत्न मी वाचले आहेत. एकही मला पूर्ण पटलेला नाही. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी लिहिले असते की कालोल्लेखात विसंगती आहे, उलगडा झालेला नाही. बायबलसाठीही मी तेच लिहिते. याने माझा विश्वास ढासळला नाही. इतिहासाच्या बहुतेक खऱ्या साधनांत अशी एखादी गाठ असतेच. टॅसिटसनेही पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हटले आहे. १९६१ मध्ये कैसरियाच्या नाट्यगृहात पायरी म्हणून बसवलेली जी शिळा सापडली, तिच्यावर पिलाताचे पद ‘प्रीफेक्ट’ असे कोरले आहे. पदनाम चुकले म्हणून टॅसिटस कोणी फेकून देत नाही.

त्या शिळेबद्दल एक सांगते. पिलात होऊन गेला हे ती दगडात दाखवते, पण पिलात होता हे आधीही माहीत होते. येशूचा आरंभीचा प्रचारक पौल याला ग्रीसमधल्या करिंथात ज्या रोमन अधिकाऱ्याच्या न्यायासनापुढे उभे केले त्या गल्लियोचे नाव डेल्फीच्या शिलालेखात सापडले आणि त्यावरून पौल करिंथात इ. स. ५१ च्या आसपास होता हे ठरवता आले. यरुशलेमेतल्या बेथेसदाच्या तळ्याला पाच पडव्या होत्या असे योहान लिहितो. उत्खननात तिथे दोन हौद आणि मध्ये बांध अशी रचना निघाली, म्हणजे चार बाजूंच्या चार आणि मधली पाचवी. शिलोहचे तळे, जिथे धुतल्यावर एका आंधळ्याला दिसू लागले असे योहान सांगतो, ते २००४ मध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असताना उघडे पडले. या गोष्टी वाचताना माझे मन भरून येते. लिहिणाऱ्यांना ती गावे, ते अधिकारी, ते हौद ठाऊक होते, एवढे त्यातून कळते. आंधळ्याचे डोळे त्या तळ्यावर उघडले की नाही, हे तळे सांगत नाही. तुमच्या पुरवणीतल्या लेखाने तळ्यापासून थेट चमत्कारापर्यंत उडी मारली होती. अशी उडी दगडाच्या जोरावर मारता येत नाही.

मग पुराव्याच्या बाजूने सर्वांत पुढे जाता येते ते कुठवर? माझ्या मते पौलाच्या पंधरा दिवसांपर्यंत. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आपण यरुशलेमेला जाऊन केफाजवळ, म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. लगेच पुढे म्हणतो, देवासमक्ष सांगतो, मी खोटे लिहीत नाही. हा माणूस आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. पुढे, इ. स. ५५ च्या आसपास, करिंथकरांना लिहिताना तो म्हणतो की मला जे मिळाले ते मी तुम्हाला सोपवले: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेंहून अधिक बांधवांना, आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. ‘मिळाले’ आणि ‘सोपवले’ हे तोंडी परंपरेचे शब्द आहेत, म्हणजे हे वाक्य त्या पत्राहून जुने. क्रूसावरच्या मरणानंतर फार थोड्या वर्षांत माणसे हे सांगत होती, आणि ज्यांच्याविषयी सांगत होती त्यातली काही हाक मारली तर ओ देतील इतकी जवळ होती. दंतकथेला वाढायला बहुधा वेळ लागतो, इथे तो फारच थोडा आहे.

त्या यादीत स्त्रियांची नावे नाहीत याचे मला नेहमी वाईट वाटते. चारही शुभवर्तमानांत कबरीवर पहिल्या जातात त्या स्त्रियाच. योसेफसने तर स्पष्टच लिहिले आहे की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. ज्या काळी असे लिहिले जाई, त्या काळी कोणी कथा रचायची म्हणून रचली असती तर पहिली साक्ष मग्दालीया मरीयेला दिली नसती. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. मात्र तोही सिद्धता नव्हे.

इतिहास मला इथवर आणून सोडतो: येशू होता, पिलाताच्या अमलात त्याला क्रूसावर मारले, आणि थोड्याच काळात त्याच्या माणसांची ठाम खात्री झाली की तो त्यांना जिवंत भेटला. त्यांची खात्री झाली हे इतिहास सांगू शकतो. देवाने त्याला उठवले हे सांगायला त्याच्याकडे साधन नाही, तसेच उठवले नाही हे सांगायलाही नाही. पुढचे पाऊल मी टाकले आहे. ते टाकताना मी त्या साक्षीवर भरवसा ठेवला, आणि जिच्याबद्दल ती साक्ष आहे त्या व्यक्तीवर. माझे पती शेवटच्या आजारात असताना मध्यरात्री मी ज्याच्याशी बोलत होते, त्याचे अस्तित्व मी पपायरसवरून काढलेले नव्हते. पण ज्याच्याशी बोलत होते तो कधी जन्मलाच नाही असे कोणी मला दाखवून दिले असते, तर ते बोलणे मी चालू ठेवले नसते.

म्हणून ‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ असे लिहिणाऱ्या वाचकाशी मी सहमत होऊ शकत नाही. आपण उपासनेत मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली घोषणा, म्हणतो तेव्हा एका मधल्या दर्जाच्या रोमन अधिकाऱ्याचे नाव घेतो. तो काही संत नव्हता. पिलाताचे नाव तिथे आहे कारण त्याने तारीख पक्की होते. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा संदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौल स्वतः लिहितो. ज्याने हे लिहिले त्याने घडले की नाही या प्रश्नाच्या हाती सगळे देऊन टाकले. लूक आपल्या पुस्तकाच्या आरंभीच सांगतो की मी सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आहे. येशू उठला हे जखमा पाहिल्याशिवाय न मानणारा शिष्य थोमा, त्याचे उदाहरण आपण नेहमी देतो, न पाहता विश्वास ठेवणारे ते धन्य. त्या वचनाच्या थोडे आधी वाचावे. येशू त्याला हाकलून देत नाही. हात पुढे करतो आणि बोट इकडे आण म्हणतो.

फसवणूक एकाच बाजूची नसते हेही नोंदवते. २०१२ मध्ये ‘येशूच्या पत्नी’चा उल्लेख असलेला पपायरस सापडल्याची बातमी जगभर गाजली आणि अनेकांनी ती आनंदाने उचलली. २०१६ पर्यंत तो बनावट असल्याचे उघड झाले. कागद जुना होता, मजकूर नवा. येशूचे मानले जाणारे, माणसाची आकृती उमटलेले टुरिनचे कफन, त्याची १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली आणि कापडाचा काळ १२६० ते १३९० च्या दरम्यानचा आला. त्याबद्दल आजही ख्रिस्ती लोकांत वाद चालतो. मी माझ्या वर्गात ते चित्र दाखवत नाही.

तो मुलगा आता चाळिशीकडे आला आहे. मंडळीत येत नाही. मागच्या वर्षी मी त्याला पत्र लिहिले, पहिल्यांदाच सगळे कबूल करून. त्याच्या प्रश्नाचे जे उत्तर मी तेव्हा दिले नव्हते ते लिहिले: कबर रिकामी होती हे मला त्या स्त्रियांनी सांगितले, मार्काने लिहून ठेवले, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. तू नाही ठेवलास तरी निदान माझ्या पत्रकावरून त्यांना तोलू नकोस. त्याचे उत्तर दोन ओळींचे आले. वाचतो आहे, असे त्याने लिहिले होते.

संपादक महोदय, लेंटुलसचे ते पत्र मध्ययुगीन बनावट असल्याची दुरुस्ती आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी ही विनंती. कोणीतरी ते कापून भिंतीवर लावले असेल.

आपली,
एक वाचक
(निवृत्त पुराभिलेख जतनकार)